पिस्तूल बसतं कसं, ते आधी बघ

ऑस्टिन, टेक्सास

प्रिय आप्पा,

 

तुझ्या धाकट्याचा मेसेज परवा आला. कुणा व्यापाऱ्याने त्याच्या डोक्यात भरवलंय की अमेरिकेत पिस्तुलाच्या चामडी होल्स्टरला मरणाचं गिऱ्हाईक आहे, कोल्हापूरच्या कारागिराचा हात चांगला, तेव्हा करून द्या, मी खपवतो. सोबत कुठल्याशा होल्स्टरचा फोटो, आणि खाली प्रश्न : "काका, असं जमलं तर चालंल का?" काम देखणं होतं, वेलबुट्टी झकास होती. पण लेका, नुसत्या फोटोवर पायताण बरं की वाईट हे तू तरी सांगशील का? गिऱ्हाइकाला पायात घालून चार पावलं चालवल्याशिवाय तू दुकानाची पायरी उतरू देत नाहीस. इथेही तेच आहे. म्हणून म्हटलं, पोराला फोनवर अर्धवट सांगण्यापेक्षा तुलाच नीट लिहावं. कातडं तुला कळतं, आणि कमरेला होल्स्टर लावून वावरण्याचा अनुभव मला आहे.

आधी इथली रीत सांगतो, म्हणजे गिऱ्हाईक कोण ते कळेल. टेक्सासात १९९६ पासून परवाना काढून कपड्याआड पिस्तूल बाळगता येऊ लागलं. १ सप्टेंबर २०२१ पासून एकवीस वर्षांवरच्या माणसाला, कायद्याने त्याला शस्त्र बाळगायची मनाई नसेल तर, परवान्याचीही गरज उरली नाही. पिस्तूल बाहेर दिसत असेल तर ते होल्स्टरमध्येच असलं पाहिजे, एवढं मात्र कायदा बजावून सांगतो. तरी लोक परवाने काढतात, कारण दुसऱ्या राज्यात गेलं की ते कामाला येतात. मीही काढलाय. हे सगळं बरं की वाईट यावर तुझं-माझं फोनवर भांडण ठरलेलंच आहे, ते पत्रात नको. आज फक्त मालाबद्दल बोलू.

बहुतेकांचं पिस्तूल दिसत नाही. चाळीस अंशाच्या उन्हात अंगात एक टी-शर्ट, आणि त्याच्याखाली पँटच्या आत खोचलेलं होल्स्टर. वाणसामानाच्या रांगेत पुढे उभ्या असलेल्या माणसाकडे ते आहे की नाही, ते तुला कळणार नाही. कळलं, तर समज होल्स्टर फसलं. दुकानात तयार होल्स्टरं ढिगाने मिळतात, त्यातली बरीचशी 'सगळ्या पिस्तुलांना चालतं' या जातीची. ज्याला रोज वापरायचं असतं तो शेवटी कारागिराकडे जातो, आणि स्वतःच्या पिस्तुलाचं मॉडेल, डावा-उजवा हात, पट्ट्याची रुंदी, कमरेवरची जागा सांगून करवून घेतो. चामड्याच्या चांगल्या कामाला शंभर ते दोनशे डॉलर पडतात आणि नावाजलेल्या कारागिराकडे महिनोन् महिने थांबावं लागतं. एवढे पैसे टाकून, एवढं थांबून माल हातात आला की माणूस तो बारकाईने तपासतो. तो काय तपासतो ते पोराला कळलं पाहिजे.

होल्स्टरचं पहिलं काम ट्रिगर झाकणं. दुसरं, पिस्तूल धरून ठेवणं. तिसरं, मागितलं की ते हातात नीट देणं. लपवणं त्यानंतर येतं, आणि दिसणं सगळ्यात शेवटी. फोटोत नेमकं शेवटचंच दिसतं.

आता एक जुनी गोष्ट ऐक. शंभर वर्षांपूर्वी आमच्या टेक्सासातच, एल पासो गावात, सॅम मायर्स नावाचा खोगीरं करणारा होता. त्याच गावात टॉम थ्रीपर्सन्स नावाचा पोलीस होता. १९२०च्या दशकात त्याच्या सांगण्यावरून मायर्सने एक होल्स्टर केलं : कातडं होईल तेवढं कमी, पिस्तूल पट्ट्यावर उंच आणि थोडं पुढे झुकलेलं, आणि ट्रिगरची सगळी जागा उघडी, म्हणजे उपसतानाच बोट जागेवर. ही घडण इतकी गाजली की पुढे सगळ्या देशाने तिची नक्कल केली. तेव्हा ते खपून गेलं, कारण थ्रीपर्सन्स वापरायचा त्या जातीच्या रिव्हॉल्व्हरचा घोडा अंगठ्याने मागे ओढल्याशिवाय ट्रिगर दाबून काहीच व्हायचं नाही. पुढे १९८०च्या दशकात ऑस्ट्रियाचं ग्लॉक इथे आलं आणि त्याच्या पाठोपाठ त्याच धर्तीची बाकीची. त्यांतल्या बहुतेकांना बाहेरून सेफ्टीचा वेगळा खटका नाही. ट्रिगरमध्येच बारीकशी पट्टी असते, आणि साधारण अडीच किलोचा दाब पडला की बार उडतो. तो दाब बोटाचा आहे की शर्टाच्या टोकाचा, हे पिस्तुलाला कळत नाही. त्यामुळे ज्यातून ट्रिगर बाहेर डोकावतो ते होल्स्टर आजच्या पिस्तुलाला बाद. जुन्या अमेरिकी होल्स्टरांचे फोटो इंटरनेटवर ढिगाने सापडतात. पोरगा त्यांवरून साचे काढायला बसला, तर त्याला तिथेच थांबव.

याच्याच पुढची गोष्ट तोंडाची. पिस्तूल पँटच्या आत राहतं, वरून पट्टा आवळलेला. पिस्तूल उपसलं की मऊ कातड्याचं तोंड मिटतं. ते परत घालताना माणूस मग दुसऱ्या हाताने चाचपडतो, आणि स्वतःच्याच हातासमोर नळी येते. त्याहून वाईट म्हणजे जुन्या, ढिल्या झालेल्या होल्स्टरच्या तोंडाची कड आत वळते, पिस्तूल आत सरकवताना ती वळी ट्रिगरवर अडते आणि गोळी सुटते. असे अपघात इथे झालेत, आणि गोळी गेली ती मालकाच्याच मांडीत किंवा कमरेत. यावरचा उपाय १९७०च्या दशकात कॅलिफोर्नियात साध्या वेषात काम करणाऱ्या ब्रूस नेल्सन नावाच्या पोलिसाने काढला. त्याच्या होल्स्टरचं नाव समर स्पेशल, आयडाहोच्या मिल्ट स्पार्क्सने ते घरोघरी नेलं. तोंडाभोवती जादा जाड पट्टी, म्हणजे पिस्तूल बाहेर असतानाही तोंड उघडंच. आणि कातड्याची खरबरीत बाजू बाहेर, म्हणजे ते कपड्याला धरून राहतं आणि गुळगुळीत बाजू पिस्तुलाकडे येते. आज कुणीही चांगलं आतलं होल्स्टर केलं, तरी त्यात या माणसाचं थोडं काही असतंच.

आता तुझ्या प्रांतात येतो. कातडं सालीवर कमावलेलंच हवं, क्रोमने कमावलेलं अजिबात नको. क्रोमचं कातडं मऊ, ताणलं जाणारं, भिजवून दिलेला आकार धरत नाही. शिवाय त्यात राहिलेल्या क्षारांनी पोलादाला गंज धरतो, आणि घामाने भिजलं की आणखीच. तुमच्याकडे बाभळीची साल आणि हिरडा; इथे मिमोसा, केब्राचो असल्या झाडांचा अर्क, पण तत्त्व एकच. सेंट लुईसची हर्मन ओक १८८१ पासून हेच काम करते, पेनसिल्व्हेनियात विकेट अँड क्रेग आहे. इथले कारागीर गिऱ्हाइकाला यांची नावं अभिमानाने सांगतात. जाडी औंसात मोजतात : एक औंस म्हणजे इंचाचा चौसष्टावा भाग. होल्स्टरला ७ ते ९ औंसांचं कातडं लागतं, म्हणजे पावणेतीन ते साडेतीन मिलिमीटर. काही जण घोड्याचं वापरतात. ते पातळ असून घट्ट असतं आणि घाम कमी पितं. २०१५च्या गोवंशहत्याबंदीच्या कायद्यानंतर तुमचं बरंचसं काम म्हशीच्या कातड्यावर चालतं, हे मला ठाऊक आहे. म्हशीचं चालणारच नाही असं मी म्हणत नाही. पण एक तुकडा कोमट पाण्यात भिजवून, आकार देऊन, वाळवून बघा. वाळल्यावर कडा स्पष्ट राहिल्या, आणि अंगठ्याने दाबल्यावर आत गेल्या नाहीत, तर पुढचं बोलू.

कृती तुला सांगायची गरज नाही, बघायचं काय ते सांगतो. दोन तुकडे चिकटवून शिवतात, भिजवतात, आत त्याच मॉडेलचं प्लास्टिकचं डमी पिस्तूल घालतात आणि हाडाच्या गुळगुळीत तुकड्याने घासून आकार बसवतात. काही कारागीर पिस्तुलाची रेघन् रेघ कातड्यावर उठवतात. फोटोत ते फार भारी दिसतं, पण खरी पकड दोनच ठिकाणी असते : ट्रिगर गार्डभोवती, आणि काडतुसाची पुंगळी उडते त्या खाचेपाशी. बाकीच्या रेघा हौसेच्या. पिस्तूल किती घट्ट बसणार हे टाक्यांची ओळ त्याच्या किती जवळून गेलीय यावर असतं. दोन मिलिमीटर लांब गेली की पहिल्याच महिन्यात ढिलाई येते. टाके इंचाला सहा ते आठ, मेणवलेला दोरा, आणि जमलं तर दोन सुयांची हातशिलाई, कारण तिचा एक टाका तुटला तरी शेजारचा सुटत नाही. हे तर तुझी माणसं झोपेत करतील. कडा घासून, मेण लावून अशा घोटलेल्या हव्यात की थर वेगळे दिसू नयेत. घोटलेली कड बोचत नाही आणि ओल आत घेत नाही.

कातड्याचा सगळ्यात मोठा स्पर्धक प्लास्टिकच आहे. कायडेक्स नावाचं पत्र्यासारखं प्लास्टिक १९६५ साली विमानाच्या आतल्या कामासाठी निघालं, आता बरेच कारागीर तेच वापरताना दिसतात. दोन मिलिमीटर जाडीचा पत्रा तापवायचा, डमीवर दाबायचा, गार झाला की कापायचा. पिस्तूल बसलं की टक् असा आवाज येतो, आणि स्क्रू फिरवून पकड कमी-जास्त करता येते. घामाने ते मऊ पडत नाही, तोंड मिटत नाही. खोट कुठे असते, तर कडेत आणि स्क्रूत. कड घासलेली नसेल तर दिवसभरात कमरेला ओरखडे उठतात, आणि स्क्रूला चिकटवणारा द्रव लावला नसेल तर महिनाभरात तो सैल होतो. कातड्याच्या बाजूने बोलायचं तर ते अंगाला सुखद असतं, आवाज करत नाही आणि पिस्तुलाचा मुलामा कमी घासतं. म्हणून त्याचं गिऱ्हाईक टिकून आहे, पण ते आता चोखंदळ झालंय.

तपासणी माझ्या स्वयंपाकघराच्या टेबलावर होते. आधी मॅगझिन काढायचं, स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा वरचा सरकता भाग, मागे ओढून आतली जागा डोळ्याने बघायची, बोट घालून चाचपायची, आणि गोळ्या दुसऱ्या खोलीत. ते झाल्याशिवाय होल्स्टरला हात लावायचा नाही. मग रिकामं पिस्तूल आत घालायचं आणि बाहेरून ट्रिगरच्या जागी अंगठ्याने जोर लावून दाबायचं. कातडं आत जाऊन ट्रिगरला लागलं, तर पुढचं काही बघू नकोस, परत पाठव. नाही लागलं, तर गादीवर धरून उलटं कर, हलकेच झटक. पिस्तूल जागचं हललं नाही पाहिजे. आता ते लावायच्या जागी लाव आणि मूठ धर. तर्जनी सोडून बाकीची तीन बोटं आणि अंगठा पहिल्याच झटक्यात पुरे बसले पाहिजेत, मधलं बोट ट्रिगर गार्डला खालून टेकलं पाहिजे. उपसल्यावर मूठ सावरावी लागली, तर तिथे कातडं जास्त ठेवलंय. उपसलेलं पिस्तूल बाजूला ठेव आणि तोंड उघडं राहिलंय का ते बघ. नळीच्या टोकावरची नेम धरायची माशी कातड्याला घासून त्याचे तुकडे घेऊन बाहेर येते का, हेही बघायचं. आणि पिस्तूल आत दाबल्यावर स्लाइड एखादी रेघ मागे सरकली तर ते होल्स्टर बाद, कारण उपसल्यावर ते पिस्तूल उडेलच याची खात्री नाही.

एक गोष्ट टेबलावर कळत नाही. मागे एका कारागिराकडून मी एक होल्स्टर करवून घेतलं होतं. टोपलीच्या विणीची नक्षी इतकी सुबक की हिने ते शोकेसमध्ये ठेवायला सांगितलं. वर सांगितलेल्या तपासण्या सगळ्या पास. गाडीत बसलो, सीटबेल्ट लावला, घरी येऊन बघतो तर मॅगझिन अर्धा इंच खाली सरकलेलं. अंगाकडची पट्टी कारागिराने उंच ठेवली होती, ती बसल्यावर वाकून मॅगझिनच्या बटणावर दाबायची. उभं राहिलं की सगळं आलबेल. म्हणून मी रिकामं पिस्तूल घालून घरात बसतो, वाकून बुटाची नाडी बांधतो, जिना चढतो, गाडीत जाऊन बसतो, आणि मगच त्यात भरलेलं पिस्तूल ठेवतो.

अंगावरचं आणखी थोडं. पट्टा दीड इंची, जाड, न वाकणारा हवा, आणि होल्स्टरचे लूपही त्याच मापाचे. लूप मोठा असेल तर पिस्तूलच पुढे-मागे डुलतं. पँट कमरेला इंच-दीड इंच मोठी घ्यावी लागते, हे गिऱ्हाइकाला आधीच सांगून ठेवलेलं बरं, नाही तर तो पँटला सोडून होल्स्टरला नावं ठेवतो. शर्टातून उठून दिसते ती मूठ. होल्स्टर थोडं पुढे कललेलं असलं तर मूठ बरगडीला लागून राहते आणि कमी दिसते. आणि बायकांचा प्रश्न वेगळाच आहे. हिचं म्हणणं, "सलवार-कुर्त्याला पट्टा असतोच कुठे?" खरं आहे. इथल्या बायकांच्या कपड्यांनाही बरेचदा पट्टा नसतो, कमरेचा घेर निराळा, त्यामुळे पुरुषांच्या मापाचं होल्स्टर त्यांच्या बरगडीत रुततं. हे गिऱ्हाईक वाढतंय आणि त्याच्याकडे नीट लक्ष देणारे कारागीर थोडे आहेत. हे पोराच्या कानावर घाल.

नवं चामडी होल्स्टर कधी कधी इतकं घट्ट असतं की पिस्तूल निघत नाही. तेव्हा रिकामं पिस्तूल पातळ प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून रात्रभर आत ठेवतात, सकाळी बेताचं होतं. तेल लावायचं नाही. तेलाने कातडं मऊ पडतं, आणि मऊ पडलेल्या होल्स्टरचं काय होतं ते वर लिहिलंच आहे. मालासोबत ही सूचना छापून द्यायला पोराला सांग. इथे असल्या चिठ्ठीने कारागिराबद्दल विश्वास वाटतो.

आता पोराने काय करावं ते. दहा मॉडेलं धरू नयेत, खपणारी एक-दोन धरावीत. एकाच नावाच्या पिस्तुलाच्याही पिढ्या असतात, आणि त्यांत मिलिमीटरचे फरक पडतात. वर लाल ठिपक्याची साइट बसवलेली, खाली टॉर्च लावलेली असेल तर साचा पुन्हा वेगळा. त्यामुळे 'ग्लॉक' एवढंच लिहून येणारी ऑर्डर घेऊ नये, पूर्ण मॉडेल लिहून घ्यावं. डमी पिस्तुलं परदेशातून मागवण्याआधी कस्टमला आणि पोलिसांना लेखी विचारावं, खेळणं म्हणून मागवलं असं सांगून चालायचं नाही. डावखुऱ्यांसाठीही करावं, त्यांना इथे तयार माल कमीच मिळतो. कानपूरकडचा माल इथे वर्षानुवर्षं येतो आणि स्वस्तात विकला जातो. त्या भावाशी स्पर्धा करायला गेलात तर मराल. तुमचा माल महागच असू दे, पण तो अंगठ्याच्या दाबाने ट्रिगरला लागता कामा नये.

व्यापाऱ्याला होकार देण्याआधी एक नमुना करून मला पाठवा, नक्षी न काढलेला. मी तो टेबलावर तपासीन, गाडीत बसून तपासीन, आणि इथल्या एका प्रशिक्षकाला दाखवीन. चूक असेल तर मैत्री बाजूला ठेवून सांगीन आणि परत पाठवीन. पास झाला, तर वेलबुट्टी खुशाल काढा.

तुझा,
बंड्या